उंची आधी, तिकीट नंतर : बडोद्याच्या एका काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

नाव छापायचं नाही या अटीवर तुम्ही या पत्राला होकार दिलात, म्हणून नुसतं 'काका'. दांडिया बाजारात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

सिंगापूरच्या युनिव्हर्सल स्टुडिओज या राईडच्या पार्कला मुलांना घेऊन जाणाऱ्या बडोद्यातल्या मराठी घरांमध्ये तुमचा तो दोन पानी कागद झेरॉक्सची झेरॉक्स होत फिरतो आहे. टूरवाले विमान, हॉटेल, व्हिसा सांगतात. पार्कच्या आत दिवस कसा काढायचा हे कोणी सांगत नाही. ते तुम्ही सांगितलंत, तेही फुकट आणि कारणांसकट. त्याबद्दल मनापासून आभार. कागद ज्यांच्यापर्यंत पोचला नाही त्यांच्यासाठी त्यातलं मुख्य इथे उतरवतो आहोत.

सगळ्यात मोठे आभार पहिल्या ओळीसाठी : 'तिकीट काढण्याआधी पोरांची उंची मोजा, सेंटिमीटरमध्ये, अनवाणी.' टाचा भिंतीला, नजर समोर, डोक्यावर पुस्तक आडवं, भिंतीवर पेन्सिलची खूण. शाळेच्या डायरीतली उंची धरायची नाही, ती जुनी असते. मग कोणत्या राईडला किमान किती उंची लागते, तो तुमचा तक्ता. इजिप्त विभागातली ममीची रोलर कोस्टर १२२ सेंटिमीटर. साय-फाय सिटीतल्या जोडकोस्टर, म्हणजे लाल ह्यूमन आणि निळी सायलॉन, १२५. डायनासोरच्या विभागातला राफ्ट १०७, ट्रान्सफॉर्मर्स १०२, बूटवाल्या मांजराची राईड १००. डायनासोरच्याच विभागातल्या कॅनपी फ्लायरला आणि किल्ल्याजवळच्या छोट्या कोस्टरला ९२ पुरतात. राफ्ट, ट्रान्सफॉर्मर्स आणि ९२ वाल्या दोन्ही राईडना १२२ च्या आतल्या मुलासोबत मोठं माणूस बसावं लागतं. म्हणजे १२० सेंटिमीटरच्या मुलाला पार्क जवळजवळ सगळा मिळतो, फक्त ज्यासाठी तो हट्ट धरतो त्याच तीन कोस्टर मिळत नाहीत. हे घरी कळलं तर रडणं घरीच आटोपतं. गेटवरच्या मोजपट्टीशी हुज्जत घालून काही मिळत नाही आणि मिळूही नये.

का मिळू नये, तेही तुम्ही समजावलंत. उंचीची अट धाडसाची परीक्षा नाही. खांद्यावरून येणारा हार्नेस किंवा मांडीवरचा बार एका ठरावीक मापाच्या शरीराला धरतो. धड आखूड असेल तर हार्नेस लॉक होतो, पण खांदा आणि पॅड यांच्यात फट राहते आणि गाडी उलटी झाली की शरीर त्या फटीएवढं सरकतं. बूट जाड घालून दोन सेंटिमीटर मिळवणारे बाप आपल्याकडे कमी नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली, तेव्हापासून बडोद्यातल्या आयांचा पहिला प्रश्न 'मजा येईल का' हा नसतो, 'धरून काय ठेवतं' हा असतो. तुम्ही त्या प्रश्नाला हसला नाहीत, वहीवर आकृती काढून दाखवलीत.

तसंच राईड मध्येच थांबण्याचं. कोस्टरच्या रुळांचे तुकडे पाडलेले असतात आणि एका वेळी एका तुकड्यात एकच गाडी, रेल्वेच्या ब्लॉक सिग्नलचंच तत्त्व. पुढचा तुकडा रिकामा झाल्याचं सेन्सरने सांगितलं नाही तर मागच्या गाडीचे ब्रेक सुटतच नाहीत. एखादा सेन्सर गडबडला तरी यंत्रणा गाडी सोडत नाही, अडवते. म्हणजे थांबलेली गाडी म्हणजे संरक्षण काम करतंय. मुलांना हे आधी माहीत असलं की वर अडकल्यावर ती घाबरत नाहीत, उलट शेजारच्या काकूंना समजावतात. ममीच्या कोस्टरला वर ओढणारी साखळी नसून गाडीला चुंबकीय जोराने पुढे फेकणाऱ्या मोटरी आहेत, आणि मध्ये ती अंधारात पाठीमागे धावते, हेही आधीच सांगितलेलं बरं. पाठ टेकलेली, डोकं मागे ठेवलेलं, हा तुमचा नियम तिथेच कामाला येतो.

आता क्रम. पार्क तळ्याभोवती गोल आहे. हॉलीवूड नावाच्या विभागातल्या रस्त्यावरून आत शिरलं की बहुतेक लोक ट्रान्सफॉर्मर्सकडे धावतात. तुमचा सल्ला उलटा, आणि तो सिंगापूरच्या आभाळावर बेतलेला. तिथे दुपारी गडगडाट होऊन पाऊस येणं रोजचंच आहे, विशेषतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राईड बंद होतात : जोडकोस्टर, राफ्ट, कॅनपी फ्लायर. त्या कधी सुरू होतील हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून सकाळी न्यूयॉर्क विभागाच्या बाजूने थेट साय-फाय सिटी, आधी जोडकोस्टर, मग पुढे सरकत डायनासोर. ट्रान्सफॉर्मर्स आणि ममी छपराखाली आहेत, पावसातही चालतात. याचा तोटा तुम्हीच लिहून ठेवलात : पाऊस लागला की सगळा पार्क त्याच दोन रांगांत आसरा घेतो. आमच्या मते तरी उघड्यावरचं आधी हेच बरोबर. रांग लांब असली तरी पुढे सरकते, बंद राईड सरकत नाही.

राफ्टमध्ये शेवटी अंधारातली लिफ्ट वर नेऊन पाण्यात सोडते, आणि गोल राफ्टमध्ये कोण भिजणार हे नशिबावर असतं. बुटांऐवजी पट्ट्याच्या सँडल, फोन झिपच्या पिशवीत, एक कोरडा सदरा. ओल्या अंगाने ममीच्या एसीत शिरलं की पोरं कुडकुडतात, म्हणून मध्ये कपडे बदलायचे. मोठ्या कोस्टरना बॅग घेऊन जाता येत नाही. बाहेरचे लॉकर काही वेळ मोफत असतात, नंतर पैसे पडतात, तेव्हा रांगेचा फलक आणि मोफत वेळ ताडून मगच पिशवी ठेवायची.

मळमळीवरची तुमची ओळ आजी-आजोबांसाठी सोन्यासारखी. ट्रान्सफॉर्मर्समध्ये गाडी थोडीच हलते, पडदा मात्र मैलभर पळवतो. डोळा एक सांगतो आणि कानातला तोल दुसरंच, म्हणून पोट ढवळतं. पोटभर जेवून बसायचं नाही, उपाशीही नाही. सुरू झालंच तर डोळे मिटायचे. तिथला थ्रीडी चष्मा काढून पडद्याकडे बघणं म्हणजे आणखी धूसर, आणखी त्रास.

दोन पालक आणि एक लहान मूल असेल तर दोनदा रांग लावायची गरज नाही. एक जण बसतो, दुसरा मुलापाशी थांबतो, मग अदलाबदल. त्याला तिथे 'चाइल्ड स्विच' म्हणतात, रांगेच्या तोंडाशीच कर्मचाऱ्याला सांगायचं. एक्सप्रेस पासने रांग कमी होते, उंची वाढत नाही. हे वाक्य फ्रेम करण्याजोगं आहे.

तारखांचं तुमचं गणित कोणत्याही एजंटने सांगितलेलं नाही. सिंगापूरच्या शाळांची मोठी सुट्टी मेच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर लागते. गुजरातच्या शाळा मेमध्ये आधी सुटतात, म्हणून जायचं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात, मंगळवार-बुधवारी. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर प्रत्यक्ष दिवाळीचा दिवस टाळायचा, तिथेही सार्वजनिक सुट्टी असते.

आणि खसखस! सिंगापुरात खसखस प्रतिबंधित मालात मोडते. दिवाळीच्या फराळातले अनारसे बॅगेत टाकण्याआधी हे आयांना सांगितलंत, त्याचे आभार वेगळे. तंबाखू, गुटखा आणि च्युइंगगमही घरीच. थेपले-चिवडा पार्कच्या गेटवर अडतात, तान्ह्याचं खाणं चालतं. बाटली मात्र जवळ ठेवायची, आत पिण्याचं पाणी मिळतं. सिंगापुरात प्रवेशासाठी लागणारं एसजी अरायव्हल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, सरकारी साइटवर ते मोफत आहे. पार्क सेंटोसा बेटावर आहे. मेट्रोच्या हार्बरफ्रंट स्टेशनवर उतरून व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस ही मोनोरेल, पहिलाच थांबा रिसॉर्ट्स वर्ल्ड, तिथेच उतरायचं. जाताना माणशी चार सिंगापूर डॉलर, परतताना काही नाही.

एक गोष्ट कागदात नव्हती, बोलण्यात आली होती. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची घरं म्हणजे नुसते दर्शनी भाग, सिनेमाच्या सेटसारखे, आणि तिथल्याच एका दालनात वादळ कसं उभं करतात ते दाखवतात. दादासाहेब फाळके ज्या आपल्या कलाभवनात शिकले तिथेच तुम्ही यंत्रं शिकलात, म्हणून तुम्हाला पडद्यामागचं जास्त आवडतं. मुलंही आता राईडखाली वाकून चाकं शोधतात. कोस्टरला रुळाच्या वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडे चाकं असतात, हे त्यांना पाठ आहे.

शेवटी कामाचं. कागदात दोन दुरुस्त्या लागतील. मादागास्कर विभाग आता नाही. त्याच्या जागी १४ फेब्रुवारी २०२५ पासून मिनियन लँड आहे आणि तिथल्या मुख्य राईडला १०२ सेंटिमीटर लागतात. दुसरं, झेरॉक्स होता होता १२२ आणि १२५ मधला फरक पुसट झालाय, तिथे आकडे ठळक हवेत. दिवाळीच्या सुट्टीआधी नवी प्रत टाइप करून घेतो आहोत. रविवारी सकाळी कच्ची प्रत घेऊन कोणीतरी येईल, खुणा पेन्सिलने केल्यात तरी चालेल.

आपली,
बडोद्यातली काही कुटुंबं