पाठीच्या मधल्या दुखण्याला कंबरपट्टा काय कामाचा?

संपादक महोदय,

कंबरदुखीवर पेपरात नेहमीच काही ना काही येत असतं, मानेवरही येतं, पण या दोघींच्या मधात जी पाठ आहे तिच्याबद्दल कोणी बोलतच नाही. मी नागपूरच्या इतवारीत एका ठोक दुकानावर हिशेब पाहतो, गादीवर मांडी घालून, लॅपटॉप बुटक्या डेस्कवर, अन् अधूनमधून खांद्याच्या दोन्ही फऱ्यांच्या मधात अशी उसण भरते की मोठा श्वास घ्यायची सोय राहत नाही. मग सल्ले सुरू. एक म्हणतो गॅस अडकला, दुसरा म्हणतो मणक्यात गॅप आला, तिसरा मालिशवाल्याचा नंबर देतो, अन् मेडिकल स्टोअरवाला कंबरपट्टा काढून दाखवतो, जो फऱ्यांपर्यंत पोचतच नाही!

पाठीच्या या भागात १२ मणके असतात आणि त्या सगळ्यांना बरगड्या जोडलेल्या, त्यामुळे हा भाग कंबरेसारखा वाकत नाही आणि इथं दोन मणक्यांमधली गादी सरकणं कंबर-मानेच्या मानानं फार कमी. बहुतेक वेळा दुखतात ते स्नायू, तासन् तास पुढं वाकून बसल्यानं थकलेले. म्हणून झोपून राहून फायदा होत नाही, उलट पाठ आखडते. फिजिओथेरपिस्टनं मला सांगितलं ते अगदी साधं आहे, टॉवेलची गुंडाळी फऱ्यांच्या जरा खाली आडवी ठेवून थोडा वेळ उताणं पडायचं, दर अर्ध्या तासानं उठायचं, स्क्रीन डोळ्यांच्या बरोबरीला आणायची अन् रबरी पट्टा दाराला अडकवून मागं ओढायचा. दुखणं थांबलं की आपण हे सगळं सोडतो अन् ते परत येतं, त्यात मणक्याचा काय दोष?

पण प्रत्येकच दुखणं स्नायूंचं नसतं आणि मला खरं म्हणजे हेच लिहायचं आहे. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, ही मणक्याच्या टीबीची लक्षणं असू शकतात. हाडांचा टीबी सगळ्यात जास्त मणक्यातच होतो, त्यातही पाठीचा मधला-खालचा भाग, आणि खोकला असायलाच हवा असं काही नाही. अशा पाठीवर कोणी पाय देऊन उभं राहिलं तर काय होईल, विचार करा. सरकारीत टीबीची औषधं फुकट आहेत, नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी महिन्याला १००० रुपयेही खात्यात येतात. पाय जड पडायला लागले, लघवीवर ताबा राहिला नाही, तर त्याच दिवशी मेडिकल नाहीतर मेयो, यातलं एखादं सरकारी हॉस्पिटल गाठा.

पाळी गेलेल्या बायांना तर बादली उचलताना किंवा खड्ड्यात गाडी आदळली तरी मणका दबू शकतो, तिथं एक्स-रे आधी, मालिश नाहीच. तेल-तिखटाचं सावजी जेवण हाणल्यावर उजव्या फऱ्याखाली दुखत असेल तर पित्ताशयात खडे आहेत का ते पाहावं. आणि छातीत दाब, घाम अन् पाठीत कळ एकदम आली तर सोडा पीत बसू नका, ईसीजी काढा.

अजून एक, दुखलं की पेनकिलर, तीही स्वतःच्या मनानं. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर, पाणी कमी, अन् वरून रोजच्या गोळ्या, किडनीवर किती ताण येतो हे डॉक्टरला विचारा.

फिजिओथेरपी खाजगीत रोजमजुरीवाल्याला परवडत नाही. मनपानं आपल्या दवाखान्यांत आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवावा, अन् वेळ संध्याकाळची ठेवावी, कारण दिवसा दुकान सोडून येणार कोण? कळमन्याचे हमाल, महालातले शिवणकामवाले, आमच्यासारखे गादीवरचे, सगळे येतील. तोपर्यंत आपण एखाद्या डॉक्टरकडून चित्रांसहित हे व्यायाम छापले तर बरं होईल.

एक वाचक, इतवारी, नागपूर