अर्ध्या बाटल्यांचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कचेऱ्यांतल्या पर्यावरणावर लिहिताना सगळे झाडांपासून सुरुवात करतात. मी लातूरचा कारकून, म्हणून पाण्यापासून करतो.

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात बैठक झाली. प्रत्येकापुढे पाण्याची एकेक बाटली. बैठक उठल्यावर शिपाईमामांनी टेबल आवरायला घेतलं. कुणी दोन घोट घेतलेले, कुणी नुसतं झाकण उघडून ठेवलेलं. उरलेलं पाणी ओतता ओतता त्यांची बादली काठोकाठ भरली. मामा एवढंच म्हणाले, “रेल्वेचं पाणी इतक्या लवकर विसरलो का हो आपण?”

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण आटलं होतं आणि घागरी घेऊन रांगेत उभे राहिलेले आम्हीच आज बाटल्या अर्ध्या टाकून उठतो. टेबलावर तांब्या-भांडं ठेवलं, ज्याने त्याने घरून बाटली आणली, की हा प्रश्न संपतो. याला ना निविदा लागते, ना निधी.

आरओ यंत्राचं तर कुणी बघतच नाही. एक लिटर गाळताना ते साधारण दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतं. आम्ही त्याच्या नळीखाली पिंप ठेवलं. आधी ते पाणी मामांनी कुंड्यांना घातलं, तर तुळस करपली. बोअरच्या पाण्याचे क्षार त्यात आणखी दाट होऊन उतरतात. आता त्याने फरशी पुसतात आणि संडासात टाकतात.

विजेच्या बटणामागेही पाणीच आहे. परळीचं औष्णिक केंद्र 2013 च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं, हे मराठवाड्यात तरी सांगायला नको. तरीही आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या खोलीत पंखे गरगरत असतात आणि साहेबांच्या दालनात एसी 18 वर. मे महिन्यात साहेब आत जाकीट घालून बसतात, आम्ही बाहेर घाम पुसतो! जानेवारी 2020 पासून नवे एसी मुळात 24 अंशांवरच लावलेले येतात. अंशागणिक सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच सांगतो. पण रिमोट कुणाच्या हातात, हा खरा प्रश्न.

कागदाच्या बाबतीत मीही धुतल्या तांदळाचा नाही. एका तक्त्याचा समास चुकला आणि न बघता चाळीस प्रती काढल्या. ते पाठकोरे कागद कापून, दोऱ्याने शिवून वह्या केल्या. आवक-जावकची कच्ची टिपणं आता त्यातच होतात. एकाच कॉलनीतले आम्ही तिघे चार महिन्यांपासून दोन दुचाक्यांवर येतो. पेट्रोल वाचतं, गप्पा होतात, फक्त एकाला उशीर झाला की तिघांच्याही हजेरीवर लाल शेरा पडतो.

बैठकीला बाटल्या मागवू नयेत, अशी टिपणी मी पंधरा दिवसांपूर्वी सादर केली. ती लेखा शाखेतून परत आली आहे. शेरा असा: पाठकोऱ्या कागदावरील प्रस्ताव स्वीकारला जाणार नाही, कोऱ्या कागदावर तीन प्रतींत सादर करावा.

आपला,
एक कारकून, लातूर