अंदमानचा एकटीचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अंदमानवरचा लेख वाचला. फोटो सुरेख होते. पण बेटांचा प्रवास ग्रुपनेच करावा, एकट्या माणसाला तो परवडत नाही, असं लेखाच्या शेवटी जे ठोकून दिलंय त्यासाठी हे पत्र. मी बेळगावातल्या शहापूरच्या एका क्रेडिट सोसायटीची पिग्मी, म्हणजे दारोदार जाऊन रोजची छोटी बचत, गोळा करते. वडगाव, खासबाग, शहापूर हा माझा भाग. मागवाले, किराणा दुकानदार, भाजीच्या गाड्या. रोजच्या वीस-पन्नास रुपयांची वर्षाअखेरीला केवढी रक्कम होते ते मी बघत आले आहे, त्यामुळे हिशेब मांडल्याशिवाय ‘परवडत नाही’ हे मला पटत नाही. स्वतःच्या नावावरही एक पिग्मी चालवली होती, ती आता मुदतीला आली. त्या पैशातून फेब्रुवारीत अंदमानला जाणार आहे. एकटी. ‘एकट्याच जातासा काय ओ, अक्का?’ हा प्रश्न आता गल्लीगल्लीत पाठ झाला आहे.

आधी पॅकेजची चौकशी केली. एका एजंटाकडे पाच रात्री-सहा दिवसांचा दर छान वाटला, पण खाली बारीक अक्षरात होतं की हा दर एका खोलीत दोघं धरून माणशी आहे. एकटीला खोलीचं पूर्ण भाडं. गाडी धक्क्यापासून हॉटेलपर्यंत आणि परत, त्याचेही चौघांऐवजी एकटीने द्यायचे. वर खासगी वेगवान बोटीचं तिकीट धरलेलं. म्हणजे एकट्या माणसाला परवडत नाही ते पॅकेज. बेटांचा त्यात काय दोष?

लक्षद्वीपचाही विचार केला होता. नकाशावर ते आपल्याला जवळचं, कोचीहून जहाज. पण तिथं भारतीयांनाही प्रवेशाचा परवाना काढावा लागतो, आणि मनात येईल त्या बेटावर मनात येईल तेव्हा उतरता येत नाही. अंदमानात नेहमीच्या बेटांना आपल्याला परवाना लागत नाही, नुसतं ओळखपत्र पुरतं. निकोबार आणि आदिवासींसाठी राखीव भाग मात्र बंद, आणि तो बंदच राहावा.

आता जायचं कसं. चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला (2024 पासून सरकारी नाव श्री विजयपुरम) प्रवासी जहाज जातं, साधारण तीन दिवस लागतात, आणि बंक क्लास म्हणजे बर्थांच्या मोठ्या हॉलमध्ये स्वस्तात जाता येतं. स्वस्तात फिरणारी तरुण मुलं त्याचं फार कौतुक करतात. माझ्या हिशेबाच्या वहीत ते बसलं नाही. महिन्यात फेऱ्या मोजक्या, तारखा आयत्या वेळी कळणार. मी कमिशनवर काम करते, माझी वसुलीची फेरी चुकली की त्या दिवसाची कमाई गेली. तीन दिवस समुद्रात घालवून जे वाचेल ते इथं बुडेल. पगारी रजेवाल्यांनी किंवा कॉलेजच्या पोरांनी जहाजानं जरूर जावं, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यावी. मी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रीत बेंगळुरू गाठणार आणि तिथून थेट विमान. इथल्या सांबरा विमानतळावरूनच उडायचा मोह होतो, पण रेल्वेच्या आणि त्याच्या भाड्यात फरक फार. तिकीट आत्ताच काढून ठेवलं आहे. नाताळ ते नवीन वर्ष टाळलं की विमान आणि खोली दोन्हींचे दर उतरतात. जानेवारीपासून समुद्रही बराचसा शांत असतो. आणि मार्चअखेर आली की सोसायटीत मान वर करायला फुरसत नसते, म्हणून फेब्रुवारी.

खरे पैसे वाचतात ते एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना, आणि लेखात नेमकं त्यावर एक ओळही नाही. पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे धक्क्यावरून हॅवलॉक आणि नीलला (2018 पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप) सरकारी बोटी सुटतात. खासगी बोट दीड तासात पोचवते, सरकारीला दोन-अडीच तास. तिकीट मात्र खासगीच्या मानानं किरकोळ. पण ती बोट पर्यटकांसाठी नाही, तिथं राहणाऱ्यांसाठी आहे. शाळामास्तर, भाजीच्या पाट्या, दवाखान्यातून परतणारी बाळंतीण. तिकिटात सवलत आणि पहिला मान त्यांचा, आणि तो असायलाच हवा. म्हणून हव्या त्या दिवशी जागा मिळेलच असं धरून चालायचं नाही. वारा वाढला तर बोटी रद्दही होतात. विमान पकडायच्या दिवशी सकाळी हॅवलॉकहून निघू, असा बेत केला आणि बोट गेलीच नाही, तर नवं विमान तिकीट काढताना आधी वाचवलेलं सगळं त्यात जाईल. त्यामुळे माझ्या बेतात सगळ्यात लांबचं बेट आधी आहे आणि शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअरमध्ये रिकामे सोडले आहेत. कामावरून इतके दिवस बाहेर राहणं मलाही जड जातं, पण जहाजावरचे तीन दिवस मी वाचवले ते इथं वापरायला. ग्रुप टूरमध्ये असे रिकामे दिवस कुणी ठेवत नाही. ठेवले तर माणसं बोंब मारतील.

त्या दोन दिवसांत सेल्युलर जेल सावकाश बघता येईल. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या कोठड्यांच्या सात ओळींपैकी आज तीनच उभ्या आहेत. टूरवाले तिथं तासाभराचं ‘सावरकर दर्शन’ ठेवतात. जाता जाता सांगते, स्वातंत्र्यानंतर 1950 मध्ये याच सावरकरांना काही महिने स्थानबद्ध ठेवलं होतं ते आपल्या बेळगावच्या तुरुंगात. त्यावरही पुरवणीत कधीतरी यायला हरकत नाही.

एकट्या बाईसाठी मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते घड्याळ. घड्याळ आपलंच, पण बेटं पार पूर्वेला. फेब्रुवारीत तिथं साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे आपल्यापेक्षा तासाभराहून आधी. दुपारची बोट धरून नव्या जागी पोचलं की खोली शोधेपर्यंत अंधार. म्हणून बेट बदलायचं ते सकाळच्या बोटीनंच, आणि पहिल्या रात्रीची जागा आधीच ठरवून. पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक, दोन्हीकडे बायकांसाठी वेगळ्या डॉर्मिटरी असलेली हॉस्टेलं आहेत, खोलीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडतात. वरच्या बंकवर चढायची माझी तयारी आहे, गुडघ्यांचं काय ते बघू.

राहिलेलं थोडक्यात. नील जेमतेम पाच किलोमीटर लांब, भाड्याच्या सायकलवर होतं. तिथला निसर्गानंच घडवलेला दगडी पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, तेव्हा भरती-ओहोटीच्या वेळा विचारून निघावं. शंख, प्रवाळ उचलून पिशवीत टाकायचे नाहीत, कायदा कडक आहे. मगरीची पाटी असेल तिथं पाण्यात उतरायचं नाही, बरोबर कुणी असो नसो. जेवायला भात-डाळ-मासे. 2020 मध्ये चेन्नईहून समुद्राखालून इंटरनेटची केबल गेली तरी लहान बेटांवर फोनच्या पैशावर विसंबू नये, रोख जवळ हवी. भाषेची चिंता मला नाही. तिथं बंगाली, तमिळ, तेलुगू, रांचीकडचे सगळे एकमेकांशी हिंदीत बोलतात. एका फेरीत मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्हींत पैसे मागणाऱ्या बाईला तेवढं सहज जमेल.

उत्तर टोकाकडच्या दिगलीपूरला जायची फार इच्छा होती. पण बसला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो आणि तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ठरलेल्या वेळी, गाड्यांच्या ताफ्यानं जातो. रस्त्यात थांबायला, फोटो काढायला बंदी आहे, तरी काही लोक जारवा माणसं दिसतील म्हणून त्या रस्त्यानं जातात हे वाचून बरं वाटलं नाही. यावेळी ते वगळलं.

संपादक महाशय, पॅकेजच्या जाहिराती छापण्याबद्दल माझी तक्रार नाही, पेपर चालवायला पैसे लागतात. पण पुढच्या वेळी प्रवासाचा लेख घेताना लेखकाला इतकं तरी विचारा, की एकट्या माणसाला खोली केवढ्याला पडते, सरकारी बोट किंवा बस कुठून सुटते, आणि ती त्या दिवशी सुटली नाही तर काय करायचं. खासबागेतल्या दोघीजणी माझी वही वाचायला घेऊन गेल्या आहेत. त्यातल्या एकीनं कालच नवी पिग्मी उघडली. कशासाठी ते घरी सांगितलेलं नाही, म्हणून माझंही नाव छापू नये ही विनंती.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव