खुब्याच्या सांध्याचे स्टिकर रुग्णाच्या हाती द्या

संपादक महोदय,

माझ्या मोठ्या भावाच्या खुब्याचे ऑपरेशन २००९ साली शहरातल्या एका खासगी दवाखान्यात झाले. वय तेव्हा ४१. डॉक्टरांनी मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कापून काढला नाही. तो वरून तासून त्यावर धातूची टोपी बसवली आणि खोबणीत धातूचीच वाटी. याला हिप रिसरफेसिंग म्हणतात. पुढच्या हंगामात दादा वखरामागे उभे राहिले आणि घरात तो विषय मागे पडला.

यंदा पुतणीने वाचले, की धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियमचे कण सुटतात, सांध्याभोवतीचे मांस खराब करतात, रक्तातही उतरतात. ब्रिटनच्या एमएचआरए या नियामक संस्थेने २०१७ मध्ये सांगितले आहे, की असा सांधा असलेल्या बायांनी आणि लहान मापाचा गोळा बसवलेल्या पुरुषांनी काही दुखत नसले तरी दरवर्षी तपासून घ्यावे. लिटरभर रक्तात यातला एखादा धातू ७ मायक्रोग्रॅमहून जास्त निघाला, तर पुढची तपासणी. मोठ्या मापाला नियम वेगळा, तोही मॉडेल पाहून.

दादांचे माप कोणते, मॉडेल कोणते? डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘हिप सर्जरी’ लिहिले आहे. दवाखान्यात विचारले, तर इतक्या जुन्या फायली नाहीत म्हणाले. दादा म्हणतात, “पाय दुखतच नाही, तं कायले जाऊ?” त्यांना पटवायला माझ्या हातात एक कागद नाही, याचा मला फार त्रास होतो.

सांध्याच्या खोक्यात मॉडेल, माप आणि लॉट नंबर छापलेली स्टिकरे येतात. त्यातले एक रुग्णाच्या कार्डावर चिकटवायला मिनिटही लागत नाही. एएसआर नावाचा असाच धातूवर धातूचा सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० ऑपरेशनांत वापरला होता आणि २०१८ मध्ये केंद्राच्या समितीचा अहवाल बाहेर आला, तेव्हा त्यातल्या बहुतेक रुग्णांचा पत्ताच लागलेला नव्हता. त्यांच्यात आमच्यासारखी खेड्यातली माणसे असणारच.

धातूवर धातूचा सांधा आता क्वचितच बसवतात. पण पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे तरुणपणीच खुबा निकामी झालेले रुग्ण आहेत, आणि सांधा कोणताही असो, तो पुढे अनेक वर्षे अंगात राहतो. आरोग्य विभागाने स्टिकर देणे सक्तीचे करावे आणि तपासणीच्या सूचना मराठीत ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोचवाव्यात. ज्यांच्या घरी त्या काळात असे ऑपरेशन झाले, त्यांनी ट्रंकेतले जुने कागद आजच काढून पाहावेत आणि जे सापडेल ते हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

– एक वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ