तिमाही निकालाच्या बातमीत येणी आणि आगाऊ रकमाही छापा

संपादक महोदय,

दस्तऐवज व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचा तिमाही निकाल आला की आपल्या अर्थपानावर ठरलेली बातमी येते. नफा इतके टक्के वाढला किंवा घटला, शेअर इतका वर गेला किंवा खाली आला. मग गुंतवणूकदारही याच दोन आकड्यांवर वाद घालत बसतात. माझी नोकरी एका मोठ्या संस्थेच्या अभिलेख विभागात झाली. हीच सॉफ्टवेअर मी वर्षानुवर्षे वापरली, त्यांच्या खरेदीच्या फायली हाताळल्या आणि आता माझ्या बचतीचा काही भाग अशाच कंपन्यांच्या शेअरमध्ये आहे. त्यामुळे ठामपणे सांगते की, या धंद्यात एका तिमाहीच्या नफ्यावरून कंपनी कळत नाही.

या कंपन्यांची कमाई एकजिनसी नसते. जुन्या कागदांचे गठ्ठे स्कॅन करून देण्याचे काम वेगळे. त्याला माणसे लागतात, मार्जिन कमी असते आणि गठ्ठे संपले की उत्पन्नही थांबते. ग्राहकाच्या स्वतःच्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवून परवाना विकणे वेगळे, आणि क्लाऊडवर वर्गणी घेऊन सेवा देणे आणखी वेगळे. २०१८ पासून लागू झालेल्या आयएफआरएस १५ या आंतरराष्ट्रीय हिशेब मानकानुसार, सर्व्हरवरच्या परवान्याची रक्कम साधारणपणे परवाना हाती दिला की एकदम उत्पन्नात धरली जाते, तर क्लाऊडची वर्गणी सेवेच्या मुदतीत थोडी थोडी धरली जाते. म्हणजे ग्राहक तोच, तीन वर्षांचा करार तोच, रक्कमही तीच. पण एका पद्धतीत या तिमाहीचा आकडा फुगतो आणि दुसऱ्या पद्धतीत तो बारा तिमाह्यांत पसरतो.

म्हणून एखादी कंपनी ग्राहकांना क्लाऊडवर नेऊ लागली की काही काळ तिचा नफा पडलेला दिसतो. पीडीएफ जिने जगाला दिली त्या अॅडोबीने २०१३ मध्ये आपल्या प्रमुख सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या एकरकमी विकणे थांबवून फक्त वर्गणीवर देण्याचे ठरवले. त्या आर्थिक वर्षात तिचा निव्वळ नफा सुमारे ८३ कोटी डॉलरवरून २९ कोटी डॉलरवर आला. नुसता मथळा वाचणाऱ्याने तेव्हा शेअर विकून टाकला असता. ज्यांनी वर्गणीदारांची वाढ पाहिली ते थांबले, आणि त्याच वर्षात शेअर चांगला चढला.

उलटे उदाहरण डॉक्युसाईनचे. डिसेंबर २०२१ मध्ये या ई-स्वाक्षरीच्या कंपनीने तिमाही महसूल ४२ टक्के वाढल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी शेअर सुमारे ४२ टक्के कोसळला. कारण त्या तिमाहीत पाठवलेल्या बिलांची वाढ २८ टक्क्यांवर आली होती आणि पुढचा अंदाजही अपेक्षेपेक्षा कमी होता. महसुलात आधी झालेल्या करारांचे पडसाद असतात. पुढे काय येणार आहे ते बिलांत आणि ग्राहकांकडून आगाऊ जमा झालेल्या रकमेत आधी दिसते. आगाऊ रकमेचा आकडा ताळेबंदात असतो, बातमीत मात्र क्वचितच.

आता ग्राहकाच्या बाजूने पाहा. अशा सॉफ्टवेअरमधून बाहेर पडणे किती अवघड असते ते मी जवळून पाहिले आहे. आम्ही एका यंत्रणेतून दुसरीकडे गेलो तेव्हा फायली कॉपी होऊन आल्या, पण त्यांच्याबरोबरची माहिती आली नाही. हा कागद कोणत्या प्रकरणातला, कोणी मंजूर केला, कोणती आवृत्ती अंतिम, कोणाला पाहायची परवानगी आणि कधी नष्ट करायचा, हे सगळे निराळ्या तक्त्यांत होते. जुन्या यंत्रणेतली रकान्यांची नावे नव्या यंत्रणेतल्या रकान्यांशी एकेक करून जुळवावी लागली, आणि तरीही लेखापरीक्षणात जुन्या नोंदी मागितल्या की धावपळ व्हायची. म्हणूनच ग्राहक सहसा सोडून जात नाहीत. कंपनीची खरी ताकद हीच. ती मोजायची तर गेल्या वर्षीच्या ग्राहकांकडून यंदा किती रक्कम आली, हे विचारावे लागते.

तिमाही संपत आली की विक्रेत्यांचे फोन कसे वाढतात, हेही खरेदीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजच सही करा, सवलत वाढवतो, पैसे सावकाश द्या. तो सौदा या तिमाहीच्या उत्पन्नात बसतो, पण पैसे केव्हा येणार ते येणी, म्हणजे ग्राहकांकडून अजून यायची असलेली रक्कम, वाचल्याशिवाय कळत नाही. महसुलापेक्षा येणी वेगाने वाढत असतील तर प्रश्न विचारायलाच हवा.

ऑटॉनॉमी या ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनीचे प्रकरण विसरण्यासारखे नाही. वकिलांच्या कार्यालयांत वापरले जाणारे आयमॅनेज हे दस्तऐवज सॉफ्टवेअरही तिच्याकडेच होते. एचपीने २०११ मध्ये ही कंपनी सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतली आणि पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ८.८ अब्ज डॉलर बुडीत धरले. तोट्यात विकलेले हार्डवेअर आणि तिमाहीच्या शेवटी मध्यस्थांच्या नावावर दाखवलेली विक्री यांनी महसूल फुगवला होता, असे लंडनच्या न्यायालयाने २०२२ मध्ये दिवाणी दाव्यात ठरवले. संस्थापक माइक लिंच २०२४ मध्ये अमेरिकेतल्या फौजदारी खटल्यात निर्दोष सुटले, हेही नमूद केले पाहिजे. पण माझ्यासारख्या छोट्या गुंतवणूकदाराला न्यायालयाच्या निकालापर्यंत दहा वर्षे थांबता येत नाही. त्याला सकाळच्या पेपरातच काही धागा मिळायला हवा.

म्हणून विनंती आहे. या क्षेत्रातल्या कंपनीचा निकाल छापताना नफ्याच्या खाली आणखी चार आकडे द्यावेत: एकूण महसुलात वर्गणीचा वाटा, आगाऊ जमा रक्कम, येणी आणि कामकाजातून आलेली रोकड. शेजारी गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीचे आकडे असावेत. एखादा आकडा कंपनीने दिलाच नसेल, तर 'कंपनीने दिलेला नाही' असे स्पष्ट छापावे. त्यासाठी जागा कमी पडत असेल तर शेअरच्या दिवसभरातल्या चढउताराचा परिच्छेद खुशाल गाळावा.

आपली,
अभिलेख विभागातून निवृत्त झालेली एक वाचक