चि. मनूस, सामान बांधण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन बॅटरी संपल्यामुळे बंद पडला, असं मी बाबांना सांगितलं. त्यांना पटलं नाही, तुलाही पटणार नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्ही जुलैअखेर भारतातून इकडे येताय, शाळा लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या, आसपास सुरू होणार. मधल्या चार-पाच आठवड्यांत काय काय करायचं हे फोनवर सांगायला गेलं की आपण दोघी दर वेळी भलतीकडेच जातो. अर्णवच्या गणिताचा विषय मी या पत्रात काढणार नाही.

आधी घराचं. शिरीषने पाठवलेल्या तिन्ही जागांच्या पत्त्यात 'प्रिन्स्टन' आहे. त्यावर जाऊ नका. इथे न्यू जर्सीत पोस्टाचं नाव एक आणि गाव दुसरंच असतं. ०८५४० या पिनकोडात प्लेन्सबरोचा काही भाग येतो, साउथ ब्रन्सविकचाही येतो, आणि तिथल्या मुलांना प्रिन्स्टनच्या शाळेत जागा नसते. प्रिन्स्टन जंक्शन वेस्ट विंडसरमध्ये आहे, प्रिन्स्टन मेडोज आपल्या प्लेन्सबरोत. एजंट गोड बोलेल. त्याला एवढंच विचारा, या जागेचा मालमत्ता कर कुठल्या टाउनशिपला जातो? जे गाव, त्याची शाळा. प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत आणि वेस्ट विंडसर मर्सरमध्ये असलं तरी दोघांचा शाळा-डिस्ट्रिक्ट एकच आहे, तेव्हा त्या दोन गावांत कुठेही घेतलंत तरी चालेल. मात्र धाकट्यांची शाळा पत्त्यावरून ठरते. सही करण्याआधी डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात तो पत्ता सांगून शाळेचं नाव विचारून घ्या.

आता नीट वाच. प्लेन्सबरोत ईशासारखी लहान मुलं विकॉफ किंवा टाउन सेंटरला जातात. चौथी-पाचवी मिलस्टोन रिव्हरला. सहावी ते आठवी मिडल स्कूल, नववीपासून हायस्कूल. म्हणजे तुझी दोन मुलं दोन शाळांत, दोन बस, दोन वेळा. शिवाय अर्णव पाचवीत येणार म्हणजे मिलस्टोनला जेमतेम एक वर्ष. तिथली मुलं आधीपासून एकत्र असतात, हा मधेच जाणार, आणि जरा रुळला की सहावीला पुन्हा नवी इमारत. दोन वर्षांत दोन नव्या शाळा. दहा वर्षांच्या मुलाला तेवढंच पुरे आहे ना? त्यावर आणखी कशाला... नाही, थांबते.

बसचं सांगते. राज्याच्या नियमाने आठवीपर्यंत शाळा दोन मैलांहून लांब असेल आणि हायस्कूल अडीच मैलांहून, तरच बस द्यावी लागते. त्याहून जवळ असाल तर रस्ता धोक्याचा आहे का आणि डिस्ट्रिक्टचं धोरण काय, त्यावर अवलंबून. नकाशावर "शाळा अगदी जवळ" दिसली म्हणून खूश होऊ नका. जानेवारीत तेच पाऊण मैल चालायचं असतं.

घर मिळेपर्यंत आमच्याकडे राहा आणि नाव आमच्या पत्त्यावर घाला. त्यासाठी आम्ही एक अ‍ॅफिडेव्हिट द्यायचं, तुम्ही एक, आणि जोडीला आमची बिलं. प्रत्यक्ष राहत असाल तर ते नियमात बसतं. फक्त नावापुरता पत्ता वापरला आणि नंतर उघड झालं, तर गेलेल्या दिवसांची फी वसूल करतात. व्हिसाची चौकशी शाळेला करता येत नाही. कुणी ओळखीचा "आय-९४ ची, अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, कॉपी लागते" म्हणाला तर ऐकून सोडून दे.

लसींची फाइल हातातल्या बॅगेत ठेव, चेक-इनमध्ये नको. या एका कागदापायी पुष्कळ जणांचं अडतं. तिकडे गोवराची पहिली लस नवव्या महिन्यात देतात. न्यू जर्सीत पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरतच नाहीत. म्हणजे ईशाला नऊ आणि पंधरा महिन्यांना दिली असेल तर इथे एकच मोजणार, आणि बालवर्गाला दोन लागतात. निघण्याआधी डॉक्टरांकडून तो डोस देऊन घे. त्रिगुणीचा एक डोस चौथ्या वाढदिवसानंतरचा हवा, नाहीतर एकूण पाच झालेले हवेत. पोलिओचे थेंब कितीही पाजले असोत, एप्रिल २०१६ नंतरचे इथे हिशेबात घेत नाहीत, टोचलेली आयपीव्ही घेतात. तिचाही एक डोस चार वर्षांनंतरचा हवा, नाहीतर एकूण चार. कांजिण्या आणि हिपॅटायटिस बी तपास. क्षयाची चाचणीही सांगतील. बीसीजीमुळे कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा फोटो आणि धावपळ. आधीच रक्ताची तपासणी मागून घे. अर्णवला सहावीत जाताना आणखी दोन लसी लागतील, ते पुढच्या वर्षी बघू.

आणि तारखा! डॉक्टरांना महिना अक्षरांत लिहायला सांग. ०५/०३ म्हणजे तुझा पाच मार्च, इथल्या नर्सबाईंचा तीन मे. तेवढ्यावरून डोस वाढदिवसाच्या अलीकडे-पलीकडे होतो. परदेशातून आलेल्यांना कागद आणायला तीस दिवस देतात, पण त्या सवलतीवर विसंबू नकोस.

नाव घालताना घरातली भाषा विचारणारा फॉर्म येईल. पुष्कळ मराठी आई-बाप तिथे इंग्रजी लिहितात, मुलाला मागे टाकतील या भीतीने. तू मराठी लिही. मग एक छोटी चाचणी घेतात आणि गरज असेल तर इंग्रजीसाठी वेगळी मदत देतात. ईशाला ती मिळाली तर चांगलंच. तिला "स्वेटर" म्हणजे काय ते कळतं, पण "लाईन अप" म्हटल्यावर ती तुझ्याकडेच बघेल.

शिरीष म्हणाला, "एवढंसं तर गाव आहे, मुलं लगेच मिसळतील." एवढंसं खरं, पण कसं वाढलं ते त्याला सांग. १९७० च्या जनगणनेत इथे १,६४८ माणसं होती. १९९० ला १४,२१३. वीस वर्षांत साडेआठपट! आधी सगळी शेतं आणि वॉकर-गॉर्डनची डेअरी. तिथे १९३० साली फिरत्या चौथऱ्यावर एका वेळी पन्नास गाई दोहायचं यंत्र बसवलं होतं. ती १९७१ ला बंद झाली आणि शेतांत फॉक्स रन, हंटर्स ग्लेन, डियर क्रीक अशी अपार्टमेंटं उठली. २०२० ला आकडा २४,०८४ झाला. आता वाढ मंद आहे, पण आत येणं-जाणं थांबलेलं नाही. भाड्याच्या घरांचं गाव आहे हे. कुणाचा प्रोजेक्ट संपतो, कुणी दुसऱ्या गावात घर घेतं, आणि ऑक्टोबरात जिवलग झालेला मुलगा मार्चमध्ये टेक्सासला जातो. यात शाळेची चूक नाही. पण अर्णव एकाच मित्राला धरून बसणारा आहे, तुझ्यासारखा. त्याला मराठी शाळेत घाल, पोहायला घाल, कुठेही दुसरं एक वर्तुळ असू दे. एल्सी गाईच्या, दुधाच्या जाहिरातीतल्या त्या गाजलेल्या गाईच्या, थडग्याचा दगड तो आला की मी दाखवीन. तू सात वर्षांची असताना तिथे गवतफुलं ठेवून आली होतीस आणि गाडीत बसल्यावर विचारलं होतंस, तिला हिंदू म्हणायचं का. बाबा अजून हसतात.

आता काढतेच तो विषय. टाळून काही उपयोग नाही.

पाचवीत येतोय तर लगेच कुमॉनची शिकवणी, लगेच ऑलिंपियाड, "वरच्या गणितात बसवा" म्हणून शाळेला ईमेल, हे शिरीषने करू नये. सप्टेंबरच्या आधी तर अजिबात नको. २०१५ मध्ये इथल्या शाळा-डिस्ट्रिक्टचे प्रमुख, सुपरिंटेंडंट डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं होतं. आदल्या शालेय वर्षात मिडल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक तपासणीची शिफारस झाली होती, ४० जणांना इस्पितळात ठेवावं लागलं होतं. त्यांनी चौथी-पाचवीचं वेगवान गणित बंद करायचं ठरवलं, हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा काढल्या, काही रात्री गृहपाठ नको म्हणाले. तेव्हा सगळ्यात जास्त कोण ओरडलं? आपणच, म्हणजे आपल्यासारखे. डिस्ट्रिक्टमध्ये तेव्हा सुमारे ६५ टक्के मुलं आशियाई घरांतली होती, आणि मीटिंगमध्ये माइकसमोरची रांग बरीचशी आपलीच. "आम्ही याच शाळांसाठी इथे घर घेतलं" हे वाक्य मी तिथे ऐकलं आणि होकाराची मान हलवली. तुझा अकरावीतला फेब्रुवारी तोवर होऊन गेला होता, तरी हलवली.

त्या फेब्रुवारीत शाळेने तुला काही केलं नव्हतं. पाच एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, आम्ही घ्यायला लावले. रीमामावशीकडचे ते तीन आठवडे... तू त्याबद्दल कधी बोलली नाहीस, मीही विचारलं नाही.

हे लेक्चर झालं, माफ कर. तू आई आहेस, तुला कळतं, माझ्यापेक्षा जास्त कळतं. रविवारी तू म्हणालीस, "आई, तूच मला अशी घडवलीस आणि आता मलाच घाबरवतेस." खरं आहे. तू जे झालीस त्याचा मला अभिमान आहे, आणि ते कसं झालीस ते आठवलं की पोटात गोळा येतो. दोन्ही एकदमच होतं.

खोली रंगवून घेतली आहे. ईशाची खाट खिडकीकडे लावली, अर्णवसाठी टेबल बाबा स्वतः जोडणार म्हणताहेत, म्हणजे ऑगस्ट उजाडेल. दोघांचे मूळ जन्मदाखले, इंग्रजीतले, बरोबर आण. शाळेचा दाखलाही आण, पण त्याच्यासाठी प्रवेश अडवता येत नाही, तेव्हा तो मिळाला नाही म्हणून तिकीट पुढे ढकलू नकोस.

शिरीषला आशीर्वाद. मुलांना पापा.

तुझी,
आई

ता. क. बाबांनी पत्र वाचलं. म्हणतात, गणिताचं दोनदाच आलंय, बरं आहे. टेबलावर ठेवायला त्यांनी बुद्धिबळाचा पट आणलाय. चालेल ना?