कराडच्या काकांना: मुंगी, ओढणी आणि ३२ कडा

तीर्थस्वरूप काकांना साष्टांग नमस्कार.

एप्रिलमध्ये नेवार्कच्या विमानतळावर मी आभार मानायला तोंड उघडलं आणि तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. म्हणालात, "तोंडी आभार मला कळत नाहीत. पत्र लिही, म्हणजे शुद्धलेखनही तपासता येईल." तेव्हा हे पत्र. चारचौघांत लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या इथे शिकवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत आणि त्यांच्याही शेजारी कुणाचे तरी बाबा सहा महिन्यांसाठी येऊन, खिडकीतून बर्फ बघत कंटाळलेले असतात. बायांनो, त्यांना चहाला बोलवा.

वाचणाऱ्यांसाठी थोडी ओळख करून देते. मी न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. काका म्हणजे वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचे वडील. कराडकडच्या हायस्कुलात ३४ वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. जानेवारीतल्या एका रविवारी ते चहाला आले आणि टेबलावरचं पुस्तक चाळता चाळता एका चित्रापाशी थबकले. चित्रात एक मुंगी होती.

"हे गणिताचं पुस्तक आहे होय?"

"नाही हो काका, गोष्टीचं आहे. पुढच्या आठवड्यापासून शिकवायचंय."

"मग गोष्टीत मितींचं काय काम?"

पुस्तक होतं मॅडेलिन लेंगल यांचं 'अ रिंकल इन टाइम'. इथल्या शाळांमधून ते वर्षानुवर्षं शिकवलं जातं. निदान २६ प्रकाशकांनी साभार परत केलेलं हे हस्तलिखित १९६२ साली छापून आलं आणि १९६३ साली त्याला बालसाहित्याचं न्यूबेरी पदक मिळालं. मेग मरी नावाची चष्मेवाली, हट्टी, शाळेत सतत कशात ना कशात अडकणारी मुलगी, तिचा पाच वर्षांचा अजब हुशार भाऊ चार्ल्स वॉलेस आणि शाळेतला मित्र कॅल्व्हिन, असे तिघं मेगच्या हरवलेल्या शास्त्रज्ञ वडिलांना शोधायला ग्रहांवरून ग्रहांवर जातात. नेतात तीन विचित्र म्हाताऱ्या. प्रवासाची युक्ती म्हणजे टेसरॅक्ट: अवकाशालाच चुणी घालायची आणि दोन टोकं जवळ आणायची.

त्या रविवारी मी तुम्हाला खरं सांगितलं नव्हतं, काका. मी त्या पुस्तकाला घाबरून होते. आदल्या वर्षी मी ते शिकवलं होतं आणि वर्ग मेल्यासारखा झाला होता. मुलांनी टेसरॅक्टची व्याख्या वहीत उतरवली, कठीण शब्दांचे अर्थ लिहिले, प्रत्येक प्रकरणावरची प्रश्नपत्रिका सोडवली. सगळ्यांची उत्तरं बरोबर आली आणि गोष्ट कुणाच्याच लक्षात राहिली नाही. माझ्याही नाही, खरं म्हणजे.

तुम्ही पुस्तक वर घेऊन गेलात आणि आठ दिवसांनी परत आणलंत ते समासात पेन्सिलीच्या खुणा करून. (शाळेची प्रत होती ती. नंतर बसून खोडलं मी सगळं.) पहिली तक्रार छपाईची. त्या तिन्ही म्हाताऱ्यांच्या नावाआधी 'मिसेस'चं लघुरूप येतं, पण त्यापुढे टिंब नाही! तुम्ही पहिल्या तीन प्रकरणांत ते प्रत्येक ठिकाणी घातलंत आणि मग दमलात. मी शोधलं तर कळलं की टिंब नको हा लेखिकेचाच आग्रह होता. तुम्ही म्हणालात, "असं होय. म्हणजे बाई या जगातल्या नाहीत, हे तिनं टिंबावरून सांगितलं." हे मला कुठल्याही शिक्षक-पुस्तिकेत वाचायला मिळालं नव्हतं. लेखिकेच्या मनात हेच होतं की नाही, देव जाणे. पण वर्गात सांगितल्याबरोबर मुलं पानं उलटून टिंबं शोधायला लागली.

मेगची आई प्रयोगशाळेतल्या बर्नरवर रस्सा शिजवते, ते वाचून तुम्ही खूश. तुम्ही आणि विज्ञानाचे सर स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्रात चहा करायचात, ती गोष्ट तेव्हा निघाली. त्यानंतर तुम्ही गप्प झालात. बराच वेळ.

मग तुम्ही मेगच्या गणिताबद्दल बोललात. मेगला गणित उत्तम येतं. वडिलांनी खेळता खेळता तिला आडवाटा शिकवलेल्या असतात. वरच्या वर्गातल्या कॅल्व्हिनलाही ती गणितं समजावून देते. पण शाळेला हवी तशी ती सोडवत नाही, म्हणून शाळेच्या लेखी ती ढ. तुम्ही म्हणालात, "पोरी, ३४ वर्षांत मी अशा किती मेगांचे मार्क कापले असतील. उत्तर बरोबर, रीत वेगळी, तर पाचातले दोन. पायऱ्या दाखवा, पायऱ्या दाखवा. एकाला तर मी कॉपी केलीस म्हणून वर्गाबाहेर उभं केलं होतं. तो कसा सोडवत होता, ते मी विचारलंच नाही."

मला काय बोलावं सुचेना. मी चहा गरम करायला उठले.

काका, मला वाटतं, माझी खरी शिकवणी तिथे सुरू झाली. टेसरॅक्ट नंतर.

पहिल्यांदा वर्गात आलात तेव्हा तुम्ही फक्त मागे बसलात, कानटोपी न काढता, छातीवर पाहुण्यांचा स्टिकर लावून. आम्ही कॅमाझॉट्सचं प्रकरण वाचत होतो. त्या ग्रहावर सगळी घरं एकसारखी, प्रत्येक घरासमोर एक मूल, आणि सगळी मुलं एकाच तालावर चेंडू आपटतात, एकाच तालावर दोरीवरच्या उड्या मारतात. फक्त एका मुलाचा चेंडू हातून निसटतो, तर त्याची आई भेदरून बाहेर येते. मी नेहमीप्रमाणे प्रश्न विचारले, मुलांनी नेहमीप्रमाणे उत्तरं दिली. तास छान झाला असं मला वाटलं. घरी येताना गाडीत तुम्ही म्हणालात, "वर्ग चांगला आहे तुझा. सगळ्यांचे चेंडू एकदम खाली येतात."

मला इतका राग आला होता तुमचा! सिग्नल हिरवा झाला तरी मी गाडी काढली नव्हती, आठवतंय? मागच्याने हॉर्न वाजवला.

त्या रात्री मी माझे कागद काढून बसले. प्रत्येक प्रश्नाखाली उत्तरासाठी दीड ओळ जागा सोडलेली. दीड ओळीत एकच उत्तर मावतं.

दुसऱ्यांदा आलात ते खडू मागत. आमच्याकडे पांढरा फळा आणि मार्कर. तुम्ही नाक मुरडलंत. तुमचं इंग्रजी थांबत थांबत चालणारं, आणि मुलं त्यामुळेच कान देऊन ऐकत होती. तुम्ही एक बिंदू काढलात. तो सरकवला की रेघ. रेघ सरकवली की चौरस, चौरस सरकवला की घन. शिरोबिंदू मोजायला लावलेत: १, २, ४, ८. पुढचा आकडा सगळा वर्ग ओरडला: १६. मग कडा: ०, १, ४, १२. इथे कुणालाच पुढचं सुचेना आणि तुम्ही सांगेनात. मी दोनदा मधे पडायला गेले, तुम्ही डोळ्यांनी दटावलंत. पूर्ण सहा मिनिटं वर्ग शांत होता. मी घड्याळ बघत होते. शेवटी एक मुलगी म्हणाली, घन सरकवला की जुन्या कडा १२, नव्या जागी तशाच १२, आणि प्रत्येक कोपरा सरकताना स्वतःची एक रेघ मागे ठेवतो, त्या ८. एकूण ३२. टेसरॅक्टच्या, म्हणजे चार मितींच्या घनाच्या, कडा ३२! कुणी न बघितलेल्या वस्तूच्या कडा त्या पोरीनं मोजल्या. तुम्ही मार्कर तिच्या हातात दिलात आणि जाऊन बसलात.

मुंगीचा खेळ त्यानंतरचा. पुस्तकात तिघींपैकी एकीच्या झग्यावर मुंगी दाखवली आहे, तुम्ही माझी ओढणी मागितलीत. दोन मुलांनी टोकं धरली, शेंगदाण्याची मुंगी झाली. मुंगीला या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जायला किती वेळ, आणि दोन्ही टोकं जवळ आणली तर? "आमच्याकडे एक मुंगी सातशे वर्षांपूर्वीच आकाशात उडाली," असं तुम्ही मराठीत पुटपुटलात आणि एकटेच हसलात. भाषांतर करायचं मी टाळलं.

एका मुलाने मात्र तुम्हाला पकडलं. पुस्तकात काळ ही चौथी मिती आणि टेसरॅक्ट पाचवी, मग तुम्ही चौथ्या पायरीवर टेसरॅक्ट कसा काढलात? बरोबर होतं त्याचं. हा शब्द चार्ल्स हॉवर्ड हिंटन या गणितज्ञाने १८८८ साली वापरात आणला तो चार मितींच्या घनासाठी. "मग लेखिका चुकली?" तुम्ही म्हणालात, "शेजारणीकडून वाटीभर साखर नेली आणि वाटी परत करताना त्यात चिवडा घालून दिला, तर ती चुकली म्हणायचं का?" चिवडा काय असतो ते सांगण्यात पाच मिनिटं गेली, पण मुद्दा पोचला.

आता त्या मुलाबद्दल, जो वर्षभर बोलला नव्हता. तुम्ही त्याला 'कोपऱ्यातला' म्हणायचात. दीड ओळीचे कागद मी बंद केल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने हात वर केला आणि म्हणाला, "मला कॅमाझॉट्स आवडलं. तिथे कुणी कुणाला चिडवत नाही." वर्ग हसला. आदल्या वर्षीची मी असते तर गोड आवाजात त्याला बरोबर उत्तराकडे नेलं असतं. तुमची ती सहा मिनिटं आठवली आणि मी फक्त म्हटलं, "अजून सांग." त्याने सांगितलं. काय, ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे. पण नंतर कुणी हसलं नाही.

त्याच्यामुळेच मी ती गाळलेली पानं शोधली. छापण्याआधी लेखिकेने काढून टाकलेली तीन पानं तिच्या नातीला कागदपत्रांत सापडली आणि २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यात मेगचे वडील तिला सांगतात की कॅमाझॉट्ससारखी अवस्था फक्त हुकूमशहा आणतो असं नाही, सुरक्षित राहण्याचा अति हव्यासही माणसांना तिथे नेऊन सोडतो. म्हणजे आमचा कोपऱ्यातला भलतंच बोलत नव्हता. लेखिकाही त्याच दारात उभी होती, आणि आत का जायचं नाही ते तिला सांगावं लागलं होतं. गोष्टीसाठी ती पानं गाळली ते ठीकच केलं, असं माझं मत. वर्गासाठी मात्र ती सोन्याची आहेत.

आणि मग तुमचे त्रिकोण. पुस्तकात शेवटाकडे मेग ओरडते की सारखं असणं आणि समान असणं या एकच गोष्टी नव्हेत. मुलांना हे पटत होतं, पण 'का' ते बोलता येत नव्हतं. तुम्ही दोन समांतर रेघा काढल्यात. खालच्या रेघेवर पाया, वरच्या रेघेवर शिरोबिंदू, झाला त्रिकोण. मग शिरोबिंदू वरच्या रेघेवरून डावीकडे, उजवीकडे, पार फळ्याच्या कडेपर्यंत नेलात. एक त्रिकोण देखणा, एक कललेला, एक तर नुसती सुई. "क्षेत्रफळ?" पाया तोच, उंची तीच, म्हणून सगळ्यांचं समान. "एकरूप आहेत?" नाहीत. कोपऱ्यातला उठला आणि त्या सुईसारख्या त्रिकोणाखाली स्वतःचं नाव लिहून आला.

मंगलाष्टकाचं लिहू की नको? लिहितेच. एक म्हातारी मुलांना सांगते की आयुष्य सॉनेटसारखं, म्हणजे ठरीव चौदा ओळींच्या कवितेसारखं असतं, चौकट कडक पण आत काय लिहायचं ते तुमचं. मुलांना सॉनेटची चौकट काही केल्या ऐकू येईना. तेव्हा तुम्ही मंगलाष्टकांचं वृत्त, शार्दूलविक्रीडित, म्हणून दाखवलंत. बाकावर ताल धरत, एका ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षरावर थांबा, आणि चाल अर्थातच लग्नातली. सहावीच्या २४ मुलांनी न्यू जर्सीत "सावधाSSSन" म्हटलं. शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या.

एका पालकांची ईमेल आली होती, म्हाताऱ्या म्हणजे चेटकिणी का आणि पुस्तकात अंधाराशी लढणाऱ्यांची नावं येतात तिथे येशूच्या नावाच्या पंगतीत इतरांची नावं का, म्हणून. अमेरिकेत १९९० च्या दशकात सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या शंभर पुस्तकांच्या यादीत हे पुस्तक आहेच, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. तुम्ही ती पंगत वाचलीत: लिओनार्दो, बाख, मादाम क्यूरी, आइनस्टाइन, गांधी, बुद्ध. म्हणालात, "पंगतीला हरकत घेणारे आमच्याकडे पण होते." मी त्या पालकांना वर्गात येऊन बसायला बोलावलं. ते आले, त्रिकोणांच्या दिवशीच.

यंदा पुन्हा तेच पुस्तक आहे. प्रश्नपत्रिका नाहीत. ओढणी कपाटात ठेवली आहे, शेंगदाणे शाळेत आणायला बंदी आहे हे उशिरा कळलं, म्हणून मुंगी यंदा खोडरबराची.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं तेल मैत्रिणीबरोबर पाठवते आहे.

तुमची,
खालच्या मजल्यावरची

ता. क. कोपऱ्यातला आता सातवीत आहे. परवा येऊन एक चिठ्ठी देऊन गेला, "आजोबांना पाठवा" म्हणून. त्याने पुढची पायरी केली आहे: पाचव्या मितीत कडा ८०. पायऱ्या दाखवलेल्या नाहीत. बरोबर आहे का, ते त्यालाच कळवा.